वळणाआधीचे काम

गेल्या नोव्हेंबरमधल्या एका रविवारी मी आणि माझे मामा, आपापल्या मोटरसायकलींवरून, पुण्याहून भोरमार्गे वरंधा घाटाने कोकणात उतरलो, पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढलो आणि पसरणी घाटाने वाईत उतरून रात्री घरी परतलो. अंतर सगळे मिळून तीनशे किलोमीटरच्या आसपास भरले. अंतर म्हणून ते फारसे नाही, महामार्गावर ते अर्ध्या दिवसात संपते. पण यातला मोठा भाग घाटांचा होता आणि मी घाटात मोटरसायकल चालवण्याची ती पहिलीच वेळ होती. शहरात मी बारा वर्षे गाडी चालवते आहे. त्या अनुभवातले घाटात किती उपयोगी पडते आणि किती सोडून द्यावे लागते, हे मला त्या दिवशी कळले, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मामा एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या नोकरीतली बरीच वर्षे याच घाटांत गेली. आता त्यांच्याकडे एक जुनी शंभर सीसीची गाडी आहे, माझी दीडशे सीसीची. पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम, अशी तिची साधी रचना आहे. आदल्या संध्याकाळी त्यांनी माझी गाडी मुख्य स्टँडवर लावायला सांगितली आणि स्वतः शेजारी उकिडवे बसून ती तपासली. चेन खालच्या बाजूने बोटाने वर उचलून ती किती हलते ते पाहिले, मागचे चाक हाताने फिरवत चेन एकाच जागी ताणली जात नाही ना याची खात्री केली, टायरच्या खाचांत अडकलेले खडे काढले आणि हवा मोजायला लावली. पुढच्या चाकात २५ आणि मागच्यात २८, हा माझ्या गाडीचा एकट्या स्वाराचा आकडा. "लांब जायचं म्हणून जास्तीची हवा भरू नकोस," ते म्हणाले, "टायर दगडासारखा झाला की वळणावर रस्ता धरत नाही."

पहाटे पावणेसहाला धनकवडीहून निघालो तेव्हा चांगलीच थंडी होती. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, कापूरहोळ हा भाग महामार्गाचा, त्यात सांगण्यासारखे काही नाही. कापूरहोळला उजवीकडे वळून भोरचा रस्ता धरला की मात्र गाडीचा आवाज ऐकू येऊ लागतो. भोरला आम्ही टाक्या भरून घेतल्या, कारण त्यापुढे घाट उतरून बिरवाडीच्या आसपास पोचेपर्यंत पेट्रोलची खात्री धरता येत नाही. भोरपासून रस्ता नीरा नदीच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे जातो आणि लवकरच नीरा-देवघर धरणाचा फुगवटा सोबतीला येतो. निगुडघर, हिरडोशी, वारवंड, शिरगाव अशी गावे एकामागून एक मागे पडतात. पाण्यावर धुके होते, भातकापणी संपत आली होती आणि दोन-तीन ठिकाणी रस्त्याच्या कडेलाच भात झोडपून पेंढा पसरून ठेवला होता. मामांनी लांबूनच डावा हात खाली करून मला वेग कमी करायची खूण केली. सकाळच्या दवाने ओला झालेला पेंढा चाकाखाली आला तर गाडी तेलावरून सरकल्यासारखी सरकते. त्यावरून जाणे टळत नसेल तर गाडी सरळ ठेवायची, ब्रेकला हात लावायचा नाही आणि हँडल वळवायचे नाही, एवढे तीन नियम त्यांनी मला पुढच्या थांब्यावर सांगितले.

या रस्त्याची एक गोष्ट मला फार आवडली. देशावरून येणाऱ्याला आपण घाट चढतो आहोत असे वाटतच नाही. नीरेच्या खोऱ्यातून रस्ता हळूहळू, जवळजवळ नकळत, उंची घेत जातो. शिरगावानंतर झाडी दाट होते, दोन-चार वळणे येतात आणि मग एका वळणावर समोरची जमीन एकदम संपते. खाली कोकण असते. सह्याद्रीची ही एकतर्फी घडण पुस्तकात वाचलेली होती. पूर्वेला मंद उतार, पश्चिमेला कडा. गाडीवर बसून ती पोटात जाणवते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा हा डोंगर आहे आणि ते थर समोरच्या कड्यावर पायऱ्यांसारखे स्पष्ट मोजता येतात. काळ्या कातळाचा एक पट्टा, त्याखाली पिवळ्या गवताचा एक, पुन्हा कातळ. याच ठिकाणी रस्ता कावळ्या किल्ल्याची धार फोडून पलीकडे जातो आणि वाघजाईचे देऊळ लागते. तिथल्या टपऱ्यांमधली कांदाभजी प्रसिद्ध आहेत. आम्हीही खाल्ली, माकडांपासून जपून.

चहा पिताना मामांनी समोरची दरी दाखवून सांगितले, "आता इथून खाली काम आहे. चढताना गाडीच तुला थांबवत असते. उतरताना तुझं तुला थांबायचं असतं. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा."

मी हे ऐकले आणि मला ते समजले असे वाटले. तरीही पहिल्या चार किलोमीटरमध्ये मी शहरातल्या सवयीनेच उतरले. तिसऱ्या, क्वचित चौथ्या गिअरमध्ये गाडी सोडायची आणि वळण जवळ आले की उजव्या पायाने मागचा ब्रेक दाबत राहायचे. पुढच्या ब्रेकची मला उतारावर धास्ती वाटत होती. चाक अडकून आपण हँडलवरून पुढे फेकले जाऊ, असे मनात घट्ट बसले होते. त्यामुळे प्रत्येक वळणात मी ब्रेक दाबतच शिरत होते आणि वळण पूर्ण होईपर्यंत पाय काढत नव्हते. रस्ता काही ठिकाणी अरुंद आहे, पावसाने खचलेल्या कडा दुरुस्त केलेल्या दिसतात आणि वळणाच्या आतल्या बाजूला डोंगरावरून वाहून आलेली बारीक खडी असते. त्या खडीकडे माझी नजर जायची आणि नजर गेली की गाडीही तिकडेच जाऊ लागायची.

मग एका डाव्या वळणाआधी मागचा ब्रेक नेहमीपेक्षा खोल गेला. पुढच्या वळणाला तो आणखी खोल गेला आणि गाडीने हवा तसा वेग सोडला नाही. त्याच वेळी जळक्या रबरासारखा, पण त्याहून कडवट असा वास आला. मी घाबरून पुढचा ब्रेक हळूच ओढला, गाडी सावरली, आणि कठड्याजवळ जिथे रस्ता जरा रुंद होता तिथे थांबले. मामा आरशात बघतच होते. ते गाडी वळवून चढून वर आले, खाली वाकले आणि मागच्या चाकाच्या मध्यापासून वीतभर अंतरावर हाताचा तळवा धरला. हात लावला नाही. "बघ," ते म्हणाले. मी तसाच हात धरला. तव्यावरून यावी तशी धग येत होती.

ड्रम ब्रेकमध्ये दोन अर्धगोल ब्रेक शू आतून ड्रमवर घासतात आणि त्या घर्षणाने गाडीचा वेग उष्णतेत बदलतो. थोडा वेळ दाबून सोडला तर ती उष्णता हवेत निघून जाते. किलोमीटर-किलोमीटर दाबूनच ठेवला तर ती आत साठत जाते, ड्रम तापून किंचित फैलावतो, शूवरच्या अस्तराची पकड कमी होते आणि पाय कितीही दाबला तरी गाडी थांबेनाशी होते. मामांनी हे मला याहून कमी शब्दांत सांगितले. माझ्याजवळच्या बाटलीतले पाणी चाकावर ओतावे म्हणून मी झाकण उघडले, तेव्हा त्यांनी बाटली हातातून काढून घेतली. तापलेल्या धातूवर गार पाणी पडले तर तो वाकडा होऊ शकतो किंवा त्याला तडा जाऊ शकतो. "त्याला वारा लागू दे. आपण बसू."

आम्ही वीस मिनिटे त्या कठड्यावर बसलो. त्यांनी मला रागावून काही म्हटले नाही. त्यांनी मला एवढेच विचारले की वळणात शिरताना माझे काय काय चालू असते. मी सांगितले: ब्रेक, गिअर, खड्डा कुठे आहे ते बघणे, समोरून कोणी येते का ते बघणे. "मग वळायला उरलं कोण?" त्यांनी विचारले. वळण सुरू होण्याआधी सगळे काम उरकलेले असले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. सरळ रस्त्यावर असतानाच दोन्ही ब्रेकनी वेग कमी करायचा, गिअर खाली आणायचा, हॉर्न द्यायचा आणि मग ब्रेक सोडून, गाडी इंजिनाच्या धरावर ठेवून, फक्त वळायचे. उतारावर गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून पुढचा ब्रेकच जास्त काम करतो. तो झटका देऊन दाबायचा नसतो, लिंबू पिळावे तसा आवळत न्यायचा असतो. आणि डोळे, ते म्हणाले, खडीवर ठेवायचे नाहीत. जिथून बाहेर पडायचे आहे तिथे ठेवायचे. खडी एकदा दिसली की दिसली, तिच्याकडे पुन्हा बघायचे नाही.

पुढचा उतार मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. इंजिनाचा आवाज वाढला, तो सुरुवातीला कानांना खटकला आणि मग त्याची सोबत वाटू लागली. मामा आता माझ्या मागे होते. एका उजव्या वळणावर माझी नजर वळणाच्या पलीकडच्या टोकाला लागली, मान वळली, मानेमागून खांदा आणि गाडी आपोआप त्या रेषेत आली, हे मला अगदी नीट आठवते. मी हँडल वळवल्याचे मात्र मला आठवत नाही.

माझेरी, वरंध, मग बिरवाडीकडची सपाट जमीन. हवा बदलली, जाकीट नकोसे झाले. महाड तालुक्यातल्या या डोंगरांकडे बघताना २२ जुलै २०२१ ची आठवण येतेच. त्या दिवशी इथल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि वस्तीच्या वस्ती गाडली गेली. कठीण कातळाच्या थरांमधले मऊ, कुजलेले थर पाणी पितात आणि वरचा भार घेऊन सरकतात. पावसाळ्यात वरंधा घाट वाहतुकीला बंद ठेवतात, त्यावर अनेक दुचाकीस्वार नाराज असतात. मला स्वतःला तो निर्णय योग्य वाटतो. पावसात घाट पाहण्याची हौस मलाही आहे, पण ज्या डोंगराखाली माणसे राहतात त्याच्याशी खेळ करू नये.

महाडला आले की मामा चवदार तळ्यावर गेल्याशिवाय राहत नाहीत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे पाणी प्राशन केले, तिथे ते चपला काढून दोन मिनिटे उभे राहिले आणि मग आम्ही जेवायला गेलो. तांदळाची भाकरी, सुकट आणि सोलकढी. पोटभर जेवून गाडी चालवायची नाही, झोप येते, हाही त्यांच्याकडचाच नियम. त्यामुळे भात घेतला नाही.

महाडहून पोलादपूरकडे जाताना सावित्रीवरचा पूल लागतो. तिथला जुना, ब्रिटिश काळातला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी बस आणि इतर गाड्या गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. पुलावर येताच मामांचा वेग कमी झाला, त्यांनी हँडलवरचा डावा हात उचलून कपाळाला लावला आणि पुन्हा खाली घेतला. नंतर त्याविषयी ते काही बोलले नाहीत, मीही विचारले नाही.

पोलादपूरहून आंबेनळी घाट सुरू होतो. हा रस्ता महाबळेश्वरपर्यंत सुमारे चाळीस किलोमीटरचा आहे आणि चढाचा असल्यामुळे मला सोपा जाईल असे वाटले होते. चढावर ब्रेकचा प्रश्न नसतो हे खरे. तिथला प्रश्न दमाचा असतो. वळणात शिरल्यावर इंजिन दमले आणि तिथे गिअर बदलावा लागला, तर क्लच दाबल्या क्षणी गाडीचा जोर तुटतो आणि झुकलेली गाडी आत पडू लागते. म्हणजे इथेही तेच, गिअर आधीच खाली घेतलेला हवा. सकाळच्या शिकवणीचा अर्थ मला इथे दुसऱ्या बाजूने कळला.

याच घाटात मामांनी मला बसविषयी सांगितले, आणि ते मी दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगू इच्छिते. तीव्र वळणावर बसची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती आतून कापत जातात. म्हणून चालक बसचे तोंड आधी बाहेर काढतो, जवळजवळ समोरच्या बाजूला नेतो आणि मग वळवतो. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला वाटते की आत जागा झाली, बस आपल्याला वाट देते आहे. तो आत घुसतो आणि मागचे चाक व डोंगर यांच्यामध्ये सापडतो. "आरशात तो मला दिसतच नाही गं," मामा म्हणाले. "मी कितीदा तरी घाम पुसलाय." त्यानंतर वर येणारी एक बस आमच्या पुढे लागली तेव्हा मी तिच्या मागे चांगले पन्नास पावले अंतर ठेवले आणि पाच वळणे तशीच काढली. उतरून येणाऱ्या दोन मोटारी त्या बससाठी कठड्याला टेकून थांबल्या होत्या. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा लिखित नियम आहे, आणि तो पाळताना लोकांना पाहून बरे वाटले.

प्रतापगडाचा फाटा आला तेव्हा पावणेतीन वाजले होते. गडावर जायला वेळ नव्हता. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाचा वध या गडाच्या पायथ्याशी झाला, आणि ज्या जावळीच्या रानाचा महाराजांनी आधार घेतला ते रान कसे असेल याची कल्पना या रस्त्यावर अजूनही येते; भर दुपारी हेल्मेटची काच वर करावी लागेल इतकी सावली असते. गड ज्या धारेवर आहे तिच्या पश्चिमेचे पाणी सावित्रीला मिळून अरबी समुद्रात जाते, पूर्वेचे कोयनेला मिळून कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागरात. म्हणजे सकाळी वाघजाईला आम्ही जी पाण्याची वाटणी ओलांडून खाली गेलो होतो, तीच आता उलट दिशेने ओलांडत होतो. पुढे कुंभरोशीवरून महाबळेश्वरचा दुसरा चढ लागतो आणि झाडांमधून थंडी पुन्हा अंगावर येते.

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात आम्ही हात-पाय धुतले. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री यांचा उगम इथे मानतात. तीन तासांपूर्वी ज्या सावित्रीवरच्या पुलावर मामांचा हात कपाळाला गेला होता, तिचे पाणी इथे गोमुखातून बोटभर धारेने पडत होते. मामांनी ते ओंजळीत घेतले, प्यायले आणि ओले हात डोळ्यांना लावले.

पाचगणीला चहा घेऊन पावणेपाचला पसरणी घाटाच्या तोंडाशी आलो. मामा म्हणाले, "आता तू पुढे हो." हा घाट वरंध्यापेक्षा रुंद आहे, डांबर चांगले आहे, पण सुट्टीच्या संध्याकाळी परतणाऱ्या मोटारींची रांग असते आणि तीच त्याची कठीण बाजू आहे. खाली वाईचे खोरे, धोमच्या धरणाचे पाणी, उताराच्या उन्हात पिवळी पडलेली शेते. ते सगळे मला नीट पाहायचे होते, म्हणून एका रुंद जागी गाडी उभी करून पाहिले. चालवताना पाहिले नाही. बाकी घाट दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये, सरळ पट्ट्यात ब्रेक लावून आणि वळणात सोडून उतरले. मागून एकाने सतत हॉर्न वाजवला, त्याला डावीकडे होऊन जाऊ दिले.

पसरणी गावाशी मामांनी मला थांबवले. ते उतरले, वाकले आणि माझ्या गाडीच्या मागच्या ड्रमवर, या वेळी थेट, तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. मग माझा हात धरून तिथे टेकवला. ड्रम कोमट होता, चहा पिऊन झाल्यावर कप लागतो तेवढाच.

वाई ते सुरूर हा रस्ता जुन्या वडांचा. तिथेच सूर्य मावळला. गळीत हंगाम सुरू झालेला असल्यामुळे उसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर होत्या, आणि त्यांतल्या कित्येकींना मागे दिवा किंवा लाल पट्टी नव्हती. घाटापेक्षा मला या अर्ध्या तासाची जास्त भीती वाटली, कारण इथे वळण नव्हते, मला काही आधी करून ठेवता येत नव्हते. फक्त वेग चाळीसच्या खाली ठेवून अंधारात बघत राहायचे. एका ट्रॉलीमागून बाहेर लोंबणारा ऊस दिव्याच्या उजेडात दिसला तेव्हा तो माझ्यापासून दहा-बारा पावलांवर होता. महामार्गाला लागल्यावर खंबाटकीचा बोगदा, त्यापुढचा तो कुप्रसिद्ध वळणाचा उतार, शिरवळ, नीरेवरचा पूल. अंधारात पाणी दिसले नाही. सकाळी धुक्याखाली पाहिलेली नीरा ती हीच.

कापूरहोळला, सकाळी जिथे वळलो होतो त्या फाट्याच्या अलीकडे, आम्ही शेवटचे थांबलो. मामांनी हेल्मेट काढून टपरीच्या बाकावर ठेवले आणि माझ्या आईला फोन लावला. "ताई, कापूरहोळला आहोत. तासाभरात येतो. आमटी गरम कर." पलीकडून आईने काहीतरी विचारले. "हो, चांगली चालवली. तीनही घाट तिनंच केले." वरंध्यातल्या कठड्याविषयी आणि त्या वीस मिनिटांविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. फोन खिशात ठेवून त्यांनी माझ्या चेनला बोट लावून ताण पाहिला आणि दोन चहा सांगितले.